व्यापाराची तूट आणि व्यापारवादी

आजचा विषय अर्थशास्त्राच्या वर्गांतला वाटेल. पण त्याचा निवाडा आपल्याच इतिहासाच्या दप्तरांत शोधावयाचा आहे. बाहेरचा माल देशांत फार येतो, आपला माल बाहेर कमी जातो, ही तूट बरी नव्हे, एवढें कोणी म्हणालें कीं लगेच त्याच्यावर शिक्का मारला जातो: हा व्यापारवादी! इंग्रजींत ज्या मताला मर्कंटिलिझम म्हणतात त्यालाच मी येथें व्यापारवाद म्हणतों. अॅडम स्मिथनें १७७६ सालीं या मताला जो झोडपून काढला, तेव्हांपासून तें नांव शिवीसारखें वापरण्याची विद्वानांना संवय जडली आहे. शिवी दिली म्हणजे उत्तर देण्याचें काम वांचतें. परंतु ही शिवी सरसकट लावूं लागलों, तर लोकहितवादी, दादाभाई नौरोजी, न्यायमूर्ति रानडे या सर्वांना फ्रान्सच्या कोल्बेरच्या मागें एका ओळींत उभें करावें लागेल. तें न्यायाचें होईल काय, एवढाच आजचा प्रश्न.

प्रथम तूट म्हणजे काय तें पाहूं. नगर जिल्ह्यांतील शिर्डी घ्या. (जिल्ह्याचें नांव आतां अहिल्यानगर झालें आहे, मी जुन्या संवयीनें नगर म्हणतों.) आज या गांवांत जें खपतें त्यांतलें फारच थोडें तेथें पिकतें. गहूं बाहेरून, तेल बाहेरून, कापड बाहेरून, घरें बांधावयाचें लोखंड आणि सिमेंटहि बाहेरून. गांवांतून बाहेर विकावयास जाणारा माल त्याच्या मानानें किरकोळ. नुसत्या मालाचा जमाखर्च मांडला, तर शिर्डीचें दिवाळें केव्हांच वाजावयास हवें होतें. पण तसें झालें नाहीं, कारण दररोज येणारे हजारों यात्रेकरू राहण्याचे, जेवणाचे, गाडीभाड्याचे पैसे तेथें देऊन जातात, आणि त्या पैशांतून बाहेरच्या मालाची किंमत भागते. मालाचें पान हें खातेवहींतलें एकच पान आहे, हें शिर्डीच्या कोणाहि दुकानदाराला शिकवावें लागत नाहीं. आपल्या देशाचेंहि आज थोडेंफार असेंच आहे. मालाच्या व्यापारांत तूट असते, आणि परदेशांना पुरविलेल्या सेवा व तेथें राहणाऱ्या आपल्या माणसांनीं घरीं धाडलेले पैसे मिळून तिचा मोठा भाग भरून निघतो.

परंतु शेजारच्या दुसऱ्या गांवाची कल्पना करा. तेथेंहि बाहेरून तितकाच माल येतो. पण यात्रेकरू नाहींत, आणि मालाची किंमत जमीन गहाण टाकून भागविली जाते. आंकड्यांत दोन्ही तुटी सारख्याच दिसतील. तरी पहिल्या गांवाच्या तुटीला जो भितो तो अज्ञानी, आणि दुसऱ्या गांवाच्या तुटीला जो भीत नाहीं तो त्याहूनहि अज्ञानी. तेव्हां कोणी तुटीला विरोध केला एवढें ऐकून त्याचें मत कळत नाहीं. तो कोणत्या गांवाविषयीं बोलतो आहे तें विचारावें लागतें.

आतां खरा व्यापारवादी ओळखावा कसा? त्या पंथाचा मूळ पुरुष म्हणून टॉमस मन या लंडनच्या व्यापाऱ्याचें नांव घेतात. त्याचें मुख्य पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, १६६४ सालीं, छापलें गेलें. परक्यांचा जितका माल आपण खपवितों त्याहून अधिक किंमतीचा माल दरवर्षीं त्यांना विकावा, म्हणजे राज्याची संपत्ति वाढते, हें त्याच्या उपदेशाचें सार. पण गंमत पुढेंच आहे. हा मन ईस्ट इंडिया कंपनीचा डायरेक्टर होता. कंपनी त्या काळीं सुरतेला चांदी पाठवी व आपलें कापड, नीळ, मसाले घेऊन जाई; कारण इंग्लंडच्या लोंकरीला येथें गिऱ्हाईक नव्हतें. म्हणजे हिंदुस्थानशीं इंग्लंडचा व्यापार धडधडीत तुटीचा होता, आणि देशाची चांदी बाहेर जाते म्हणून लंडनमध्यें कंपनीच्या नांवानें ओरड चालली होती. तिला १६२१ सालीं मननें उत्तर दिलें, कीं हा माल आम्ही युरोपांत पुन्हां विकतों आणि गेली त्याहून जास्त चांदी परत आणतों. व्यापारवादाचा आद्य आचार्यच अशा रीतीनें एका तुटीचा वकील होता! त्याला भिणें होतें तें एकंदर बेरजेचें, एका देशाशीं झालेल्या तुटीचें नव्हे.

त्याच्या देशांतले विणकर मात्र इतके सोशिक नव्हते. त्यांनीं पार्लमेंटकडून १७०० व १७२१ सालीं कायदे करवून घेतले, आणि आपल्याकडचें छापील रंगीत कापड वापरण्यास इंग्लंडांत बंदी झाली. फ्रान्समध्यें चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर यानें १६६४ व १६६७ सालीं जकाती वाढवून, सरकारी आश्रयानें कारखाने काढून, हाच मार्ग धरला. या सर्वांच्या बोलण्यांत तीन गोष्टी पुन्हां पुन्हां येतात. संपत्ति म्हणजे मुख्यतः सोनें-चांदी. जगाचा व्यापार ठरलेल्या आकाराच्या भाकरीसारखा, म्हणून माझा घांस मोठा व्हावयाचा तर तुझा लहान झाला पाहिजे. आणि या सर्वांचा शेवट राजाच्या तिजोरींत व त्याच्या आरमारांत. यांतली तिसरी खूण एकटी असली तर मी तिला फारसें महत्त्व देणार नाहीं, कारण राज्याच्या बळाची काळजी कोणीहि शहाणा माणूस करतो. पहिल्या दोन मात्र असल्या, तर शिक्का मारावयास हरकत नाहीं.

या खुणा हातांत घेऊन थोडें मागें जाऊं. व्यापारांतील तुटीची सर्वांत जुनी प्रसिद्ध तक्रार केली ती रोमच्या प्लिनीनें, इसवी सनाच्या पहिल्या शतकांत, आणि ती होती आपल्याविरुद्ध. हिंदुस्थान, चीन आणि अरबस्तान मिळून दरवर्षीं साम्राज्याचे दहा कोटी सेस्टर्स ओढून नेतात, असें त्यानें लिहून ठेवलें आहे. त्याच शतकांतल्या एका ग्रीक खलाशाच्या प्रवासवर्णनांत पैठण व तेर या दोन बाजारपेठांचीं नांवें आहेत. पैठणाहून अकीकासारखे खडे आणि तेरहून कापड भडोचच्या बंदराला जात असे. नगर जिल्ह्यांत प्रवरेकांठीं नेवासें येथें डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनीं १९५४ ते १९५६ या काळांत उत्खनन केलें, तेव्हां भूमध्य समुद्राकडून आलेल्या मद्याच्या कुंभांचीं खापरें तेथें निघालीं. म्हणजे प्लिनी ज्या व्यापाराला रडत होता, त्याचा एक धागा शिर्डीपासून दिवसभराच्या प्रवासावर येऊन पोंचला होता. पण प्लिनी व्यापारवादी होता काय? मुळींच नाहीं. रोमनें जास्त विकावें असें तो म्हणत नाहीं. रोमच्या बायकांनीं व विलासी लोकांनीं कमी घ्यावें, असें म्हणतो. त्याची तक्रार नीतीची आहे, जमाखर्च केवळ पुराव्यापुरता.

आपल्याकडे शिवाजीमहाराजांचें १६७१ च्या डिसेंबरांतलें एक पत्र प्रसिद्ध आहे. कुडाळचा सुभेदार नरहरि आनंदराव याला तें लिहिलें आहे. पोर्तुगीजांच्या ताब्यांतील बारदेशचें मीठ स्वस्त पडतें, म्हणून व्यापारी तिकडे वळतात आणि आपल्या मुलखांतल्या मिठाचें उत्पन्न बुडतें. सबब बारदेशच्या मिठावर अशी जबर जकात बसवावी कीं तें आपल्या मिठाहून महाग पडावें, अशी आज्ञा आहे. कोल्बेरचा दुसरा जकाततक्ता या पत्राच्या चारच वर्षें आधींचा, हा योग पाहून कोणालाहि मोह होईल कीं महाराजांना व्यापारवादी ठरवावें. मला तें घाईचें वाटतें. पत्रांत चिंता आहे ती एका जिनसाची, एका शेजाऱ्याची, आणि आगरांवर अवलंबून असलेल्या बंदरांची. सगळ्या जगाला विकावें व कोणाकडून घेऊं नये, असा सिद्धांत त्यांत नाहीं. उलट १७१५ च्या सुमाराच्या आज्ञापत्रांत रामचंद्रपंत अमात्य सावकारांना राज्याची शोभा मानतात, आणि न मिळणाऱ्या वस्तु परमुलखांतून त्यांच्यामुळेंच येतात म्हणून त्यांचा मान ठेवावा असें सांगतात. येणाऱ्या मालाचें असें कौतुक खरा व्यापारवादी करणार नाहीं. टोपीकरांविषयीं मात्र अमात्य सावध आहेत. त्यांचें कारण तुटीचें नाहीं. या व्यापाऱ्यांच्या पाठीशीं त्यांचे राजे उभे असतात, हें आहे. पुढें काय झालें तें पाहतां त्यांची नजर मन साहेबांहून तीक्ष्ण होती असें म्हणावें लागतें.

आतां एकोणिसाव्या शतकाकडे येऊं, कारण खरा वाद तेथेंच आहे. १८४१ सालीं भास्कर पांडुरंग तर्खडकर या तरुणानें मुंबईच्या एका इंग्रजी पत्रांत टोपणनांवानें आठ पत्रें लिहिलीं आणि इंग्रजांच्या राज्यांत देशाचें द्रव्य कसें बाहेर जातें व येथले धंदे कसे बसले हें उघडें मांडलें. १८४८ पासून ‘प्रभाकर’ पत्रांत लोकहितवादींचीं पत्रें येऊं लागलीं. सर्वांनीं मिळून विलायती कापड न घेण्याचा निश्चय करावा, असा उपदेश त्यांत आहे. १८७७ च्या दिल्लीदरबारांत सार्वजनिक काका हातानें विणलेल्या जाड्याभरड्या कपड्यांत जाऊन उभे राहिले. हीं माणसें तुटीविरुद्ध बोलत होतीं असेंच आपण सहज समजतों. परंतु सरकारी आंकडे काढून पाहिले तर माणूस चकित होतो. त्या शतकाच्या उत्तरार्धांत हिंदुस्थानच्या एकंदर व्यापारांत तूट नव्हतीच! निर्यात आयातीहून कित्येक कोटींनीं अधिक होती, आणि सालोसाल तशीच राहिली.

येथें थोडें थांबलें पाहिजे, कारण सगळा निवाडा या एका गोष्टींत आहे. टॉमस मनच्या गणितानें हिंदुस्थान हा जगांतल्या भाग्यवान देशांपैकीं एक ठरला असता: विकतो जास्त, घेतो कमी. आणि नेमक्या याच स्थितीकडे बोट दाखवून दादाभाई नौरोजी १८६७ पासून ओरडत होते कीं देश लुटला जात आहे. जो मनुष्य शिलकीच्या व्यापाराला देशाच्या दारिद्र्याचें चिन्ह म्हणतो, त्याला व्यापारवादी कोणत्या तोंडानें म्हणावयाचें?

हें कसें घडत होतें तें नीट समजून घेण्यासारखें आहे. नगर-खानदेशाकडच्या एका कापसाच्या गांठीचा प्रवास पाहा. लंडनच्या व्यापाऱ्याला ती गांठ हवी आहे. तो येथें सोनें पाठवीत नाहीं. लंडनमध्येंच हिंदुस्थानच्या स्टेट सेक्रेटरीकडे पौंड भरतो आणि एक हुंडी घेतो. ती हुंडी मुंबईच्या सरकारी तिजोरींत वटते, आणि तिचे रुपये दलालामार्फत शेतकऱ्याला मिळतात. शेतकरी खूष होतो. पण तिजोरींत रुपये आले कोठून? त्याच शेतकऱ्यानें व त्याच्या शेजाऱ्यांनीं भरलेल्या शेतसाऱ्यांतून. लंडनला जमलेले पौंड मात्र परत येत नाहींत. त्यांतून पेन्शनी, रेल्वेच्या कर्जाचें व्याज, इंडिया ऑफिसचा खर्च भागतो. गांठ गेली, तिच्या मोबदल्यांत देशांत कांहींच आलें नाहीं, आणि कापसाची किंमत कापूस पिकविणाऱ्यांच्याच खिशांतून दिली गेली. सरकारी अहवालांत याची नोंद ‘निर्यातीचें आधिक्य’ अशी होई. आमच्या लोकांचा आक्षेप आधिक्यावर नव्हता, तुटीवरहि नव्हता. मोबदल्यावांचून गेलेल्या गांठीवर होता.

रानड्यांचें मत याहूनहि निराळें, आणि माझ्या मतें जास्त प्रौढ. गोदावरीच्या खोऱ्यांत, शिर्डीहून फार दूर नाहीं अशा निफाडास, १८४२ सालीं त्यांचा जन्म झाला. १८९० सालीं पुण्यास पहिली औद्योगिक परिषद भरली, तीत त्यांनीं स्पष्ट सांगितलें कीं सुमारें वीस कोटींची खंडणी जाते म्हणून आपल्या हातून कांहींच होणार नाहीं असें मानून बसणें मर्दपणाचें नव्हे. कच्चा माल पाठवावयाचा आणि पक्का माल घ्यावयाचा, या धंद्यानें देश शेतीवर ढकलला जातो, हें त्यांचें खरें दुखणें. १८९२ सालीं डेक्कन कॉलेजांत हिंदी अर्थशास्त्रावर त्यांनीं जें व्याख्यान दिलें, त्यांत जर्मन पंडित लिस्ट याचा आधार घेऊन ते म्हणतात कीं राष्ट्राची खरी संपत्ति त्याच्या उत्पादक शक्तींत असते. सोन्याच्या ढिगांत ती असते असें मानणाऱ्याच्या हें अगदीं उलट आहे. रानड्यांना हवे होते ते कारखाने, पेढ्या आणि कसब.

तरीपण आपल्या बाजूचा वकील होतांना खरें लपवूं नये. ‘पैसा परदेशीं जातो’ हें आपलें आवडतें वाक्य ऐकलें म्हणजे मला मनची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. पैसा जातो तेव्हां वस्तु येते, हें त्या वाक्यांत कोठें नसतें. स्वदेशीच्या चळवळींतल्या कित्येक सभांतून व्यापारवादाची पहिली खूण नकळत डोकावून गेली आहे. १९३१ सालीं तर ती चांगलीच उघड झाली. त्या वर्षीं सप्टेंबरांत इंग्लंडनें सोन्याचें चलन सोडलें, रुपया अठरा पेन्सांना पौंडाशींच बांधलेला राहिला, आणि सोन्याचा भाव रुपयांत वर चढला. तिकडे मंदीमुळें धान्याचे भाव कोसळले होते. शेतकऱ्यांच्या घरांतल्या पुतळ्या, सऱ्या, बांगड्या मोडींत निघाल्या आणि पांचसहा वर्षांत सुमारें तीनशें कोटी रुपयांचें सोनें समुद्रापार गेलें. राष्ट्रीय पत्रांनीं सोन्याच्या निर्यातीवर बंदी घाला म्हणून आकाश पाताळ एक केलें. सोनें जाऊं नये, ही मागणी मनच्या टीकाकारांचीच होती, यांत शंका नाहीं. बंदी घातली असती तर पहिला तोटा कोणाला झाला असता? मोड विकून सारा भरणाऱ्या त्या शेतकऱ्यालाच; त्याला चढलेला भाव मिळाला नसता. पण त्याच लेखांत दुसरी एक तक्रार होती, ती खरी होती: धान्य पिकवून सारा भागत नाहीं म्हणून बायकोच्या अंगावरचें विकावें लागतें. पहिल्या तक्रारीसाठीं दुसरी नाकारणें हा, माझ्या मतें, शिक्का मारणाऱ्यांचा नेहमींचा अपराध आहे. खुद्द केन्स यांनीं १९३६ च्या आपल्या ग्रंथांत एक प्रकरण व्यापारवाद्यांना देऊन, त्या जुन्या मंडळींच्या बोलण्यांतहि बेकारीच्या काळीं कांहीं तथ्य होतें असें मान्य केलें; मग आपल्या शेतकऱ्यांच्या कैवाऱ्यांना इतकें झिडकारण्याचें कारण नाहीं.

आतां पुन्हां नगर जिल्ह्यांत येऊं. १९३० च्या सुमारास हिंदुस्थानांत दरसाल दहा लाख टनांच्या घरांत परदेशी साखर येई, ती मुख्यतः जाव्याची. इकडे गोदावरीचे कालवे वाहूं लागले होते, आणि १९२६ सालीं पुरें झालेल्या भंडारदऱ्याच्या धरणाचें पाणी प्रवरेच्या कालव्यांतून खेळत होतें. ऊंस पिकत होता, पण त्याचा बहुतेक गूळ होई, आणि गुळाचा भाव मंदींत बुडाला होता. १९३२ सालीं साखरेच्या धंद्याच्या संरक्षणाचा कायदा झाला. हंड्रेडवेटला सव्वासात रुपये जकात, आणि वर अधिभार. देशांतले साखरकारखाने सुमारें तीस होते, ते पांच वर्षांत एकशें तीसांच्या वर गेले, आणि जाव्याची साखर जवळजवळ बंद झाली. बेलापूर कंपनीचा कारखाना जिल्ह्यांत आधींच होता. त्यानंतर टिळकनगर, साकरवाडी असे नवे धुरांडे उभे राहिले, आणि शिर्डीच्या आजूबाजूच्या शिवाराचें रूप पालटलें.

हा व्यापारवाद होता काय? ज्यांना संशय आहे त्यांनीं दोन गोष्टी पाहाव्या. एक, सरकारच्या तिजोरीला या कायद्यानें फायदा तर नाहींच, उलट खोट आली. परदेशी साखरच येईना, मग जकात कोठली? ती खोट भरून काढण्यासाठीं १९३४ सालीं देशी साखरेवरच अबकारी कर बसवावा लागला. दुसरी गोष्ट, कायद्यांत मुदत घातलेली होती, १९४६ पर्यंत. कोल्बेरच्या जकातीला अशी मुदत नव्हती. कारण शिल्लक कायमची हवी असेल तर कुंपणहि कायमचें लागतें. जो म्हणतो कीं रोप वाढेपर्यंत कुंपण द्या, तो रोपाविषयीं बोलत असतो. ही मुदत पुढें लांबली, आणि दरम्यान साखर खाणाऱ्या सर्व लोकांनीं जास्त भाव मोजला, हेंहि सांगितलें पाहिजे. शहरांतल्या गिऱ्हाइकानें त्या वेळीं केलेली कुरकुर अगदींच बिनबुडाची नव्हती. शिवाय पहिल्या वर्षांत नफा गेला तो बहुतेक कारखानदारांकडे. ऊंस पिकविणाऱ्याच्या पदरांत काय पडलें, हा प्रश्न राहिलाच होता.

त्याचें उत्तर शिर्डीच्या शेजारीं, लोणीस निघालें. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या खटपटीनें शेतकऱ्यांच्या मालकीचा प्रवरा सहकारी साखर कारखाना १९४८ सालीं नोंदला गेला, आणि १९५० सालीं त्याचें पहिलें गाळप सुरू झालें. साखरेवरील संरक्षण संपलें तें त्याच साली.